सडपातळ, तरी फॅटी लिव्हर?

प्रश्न : वजन बेताचं, दारूला शिवत नाही, तरी सोनोग्राफीत फॅटी लिव्हर निघालं. तेल बंद केलंय. पुरे का? – एक वाचक, नारायणगाव

उत्तर : नाही. आधी चहातली साखर मोजा. शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झालं, की स्वादुपिंड ते जास्त सोडतं आणि यकृत जादा साखरेची चरबी करून साठवतं. वजनकाट्यावर विसंबू नका. पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचाच दाखला छापला : बीएमआय ब्रिटिश सहकाऱ्याइतकाच, २२.३, पण अंगातली चरबी त्याची ९.१ टक्के, यांची २१.२! उसाचा रस, बिस्किटं सोडा. मासवडी चालेल, बेसन-तिळाचीच ती. रश्श्यावरचा भाताचा ढीग मात्र आवरा. जेवून लगेच आडवं होऊ नका, चाला. एचबीए१सी आणि यकृताच्या तपासण्या डॉक्टरांना विचारून करून घ्या.