थांबल्यावर लागणारी धाप

शर्यत चालू असताना पाय साथ देतात आणि रेषा ओलांडून पाच-सात मिनिटे उलटली की छाती आवळू लागते, श्वास बाहेर पडताना बारीक शिटीसारखा वाजतो, खोकल्याची उबळ थांबता थांबत नाही. श्रमजन्य दम्याची ही रीत ज्यांना ठाऊक नाही त्यांच्या हाती तरुण खेळाडूंचे भवितव्य असावे, ही गोष्ट मला आजही असह्य वाटते.

दातिवऱ्याच्या किनाऱ्यावर, वैतरणेच्या मुखाशी, पलीकडे अर्नाळ्याचा किल्ला दिसत असताना, ओहोटीच्या घट्ट वाळूवर मी कितीही धावले तरी हा त्रास क्वचितच होई. सफाळ्याहून गाडी पकडून बोईसरच्या मैदानावर गेले, आणि त्यातून पौषातली पहाट असली, की हमखास होई. तेथील प्रशिक्षकांनी ही तफावतच माझ्याविरुद्ध पुरावा मानली. "गावात वाऱ्यासारखी धावते, इथे आली की बरा हिला खोकला आठवतो," असे ते सर्वांदेखत म्हणाले, आणि निवडीच्या दप्तरात माझ्या नावापुढे 'चिकाटीचा अभाव' असा शेरा मारून मोकळे झाले.

वस्तुतः कारण त्या तफावतीतच होते. वेगाने धावताना आपण तोंडाने श्वास घेतो, हवा उबदार व ओलसर करण्याचे नाकाचे कार्य टळते, कोरड्या गार हवेने श्वासनलिकांच्या अस्तरातील ओलावा उडून जातो, त्यामुळे तेथील पेशींतून हिस्टामिन, ल्युकोट्राइन यांसारखी द्रव्ये स्रवतात आणि नलिकांभोवतीचे स्नायू आकुंचन पावतात. समुद्रकाठची दमट हवा यातून पुष्कळसे वाचविते. बोईसरला मात्र हिवाळ्याच्या कोरडेपणात रासायनिक कारखान्यांच्या दर्पाची भर पडे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2018 सालच्या निर्देशांकात तारापूर औद्योगिक क्षेत्र देशात सर्वाधिक प्रदूषित ठरले होते, हे तेथे धावणाऱ्यांच्या शिक्षकांना माहीत असू नये काय?

पालघरच्या डॉक्टरांनी माझ्या हाती फुंकर मोजण्याची नळी दिली, तीनदा फुंकायला लावले, आणि मग जिन्यावरून दमछाक होईपर्यंत वरखाली धावविले. धावून आल्याबरोबर फुंकले तर काटा जवळजवळ पूर्वीच्याच जागी गेला, आणि मनात आले की आता हे यंत्रही मला खोटी ठरविणार. डॉक्टर घड्याळाकडे पाहत एवढेच म्हणाले, "थांब बाळ, अजून वेळ झाली नाही." काही मिनिटांनी पुन्हा फुंकले, काटा निम्म्या वाटेवरच अडला. मला तेव्हा श्वास पुरत नव्हता, पण मी रडत होते ती सुटकेने.

डॉक्टरांनी दिलेला या तपासणीचा कागद प्रशिक्षकांपुढे ठेवला, तर त्यांनी तो न वाचताच घडी करून परत दिला आणि "पंपावर धावणारी माणसे मला नकोत" असे फर्माविले. 1984 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमधील अमेरिकी चमूत 67 खेळाडूंना हाच विकार होता व त्यांनी 41 पदके मिळविली; आणि 2003 साली लंडनची मॅरेथॉन 2 तास 15 मिनिटे 25 सेकंदांत जिंकून विश्वविक्रम करणाऱ्या पॉला रॅडक्लिफ यांनाही हाच दमा आहे. हे सांगण्याची संधी मला मिळाली नाही, म्हणून येथे सांगते.

ज्यांच्या मुलामुलींना असा त्रास होतो त्यांनी बसल्याजागी केलेल्या तपासणीवर विसंबू नये. ती पुष्कळदा निर्दोष येते. सहा ते आठ मिनिटे जोराने धावल्यानंतर अर्ध्या तासापर्यंत पुनःपुन्हा फुंकून घ्यावे, आणि पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा दहा टक्के वा अधिक घटली तर निदानाला बळकटी येते. पंपाची सवय लागते, हा आपल्याकडचा समज साफ चुकीचा आहे. धावण्यापूर्वी पंधरा मिनिटे साल्ब्युटामॉल घेतल्याने रक्षण होते. मात्र तेच एकटे औषध नित्य घेत राहिल्यास त्याचा प्रभाव ओसरतो, म्हणून वरचेवर गरज पडू लागली तर स्टेरॉइडचा पंप डॉक्टरांकडून ठरवून घ्यावा आणि प्रत्येक वेळी चूळ भरावी. शर्यतीआधी थोड्या थोड्या अंतराच्या जलद धावा काढल्या तर कित्येकांना पुढे तास-दोन तास आराम पडतो, मला पडतो. झोप पुरेशी घ्यावी, सर्दीत धावू नये, हे तर कोणीही सांगेल.

खोकल्याच्या औषधाची बाटली मात्र नीट वाचावी. आपल्याकडील अनेक पातळ औषधांत टर्ब्युटालिन असते, आणि ते खेळाडूंना निषिद्ध आहे. साल्ब्युटामॉल पंपावाटे चोवीस तासांत 1600 मायक्रोग्रॅमपर्यंत, व कोणत्याही आठ तासांत 600 च्या आत, चालते, पण त्याची गोळी चालत नाही.

आणि डॉक्टरांचा दाखला संयोजकांकडे तोंडी सांगून नव्हे, अर्जासोबत रुजू करावा, दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्यावी. पोच असलेला कागद न वाचता परत करणे कोणालाही इतके सोपे जात नाही.