शेवटचा हप्ता कशावर सुटतो?

रोजगार हमीच्या कामावर ठेकेदार चालत नाही, हे वऱ्हाडातल्या जुन्या मजुरांना तोंडपाठ आहे. महाराष्ट्राचा रोजगार हमी कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. पुढे २००५ साली केंद्राचा कायदा झाला, त्यात तर ठेकेदाराला साफ मनाई होती.

हुनर शिकवून नोकरी लावण्याच्या सरकारी योजनांचा कारभार मात्र उलटा आहे. तेथे शिकवण्याचे काम सरकार संस्थांना आणि कंपन्यांना देते व माणशी ठरलेला दर देते. नाव ‘प्रशिक्षण भागीदार’, पण व्यवहार ठेक्याचाच. यात गैर काही नाही. शिलाईचे काम आपणही बाहेर देतोच. पाहायचे ते एवढेच की, पैसा कोणत्या टप्प्यावर सुटतो. ज्याने टेलरला सगळी मजुरी आधी दिली, त्याच्या शर्टाचे काज-बटण ईद उलटली तरी राहते, हे आपल्या व्यापारी बंधूंना सांगायला नको.

प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात (२०१६ ते २०२०) हिशेब असा होता : वर्ग सुरू झाल्यावर ३० टक्के, मुले परीक्षा पास होऊन प्रमाणपत्र मिळाल्यावर ५० टक्के आणि नोकरी लागल्यावर २० टक्के. म्हणजे मुलगा कामाला लागो न लागो, ८० टक्के रक्कम आधीच मोकळी. खेड्यातल्या १५ ते ३५ वयाच्या मुलांसाठी २०१४ साली सुरू झालेल्या दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजनेत नियम जास्त कडक ठेवला गेला. किमान ७० टक्के मुलांना काम लावायचे, आणि ते काम तीन महिने टिकले व पगाराचा पुरावा मिळाला तरच नोकरी धरायची. याच योजनेत अल्पसंख्याकांसाठी १५ टक्के वाटा राखलेला होता. आपल्यापैकी किती जणांना तो ठाऊक होता?

मग सगळा पैसा शेवटी द्यावा काय? इंग्लंडने तेही करून पाहिले. जून २०११ मध्ये तेथील सरकारने देशाचे विभाग पाडून बेकारांना कामाला लावण्याचे ठेके कंपन्यांना दिले. मोबदल्याचा मोठा भाग माणूस कामावर टिकल्यावरच मिळायचा. झाले असे की, ठेकेदारांनी सोपी माणसे आधी उरकली. आजारी, वयस्क, कमी शिकलेली तशीच बसून राहिली, अशी टीका झाली. २०१७ पासून त्या योजनेत नवी माणसे घेणे बंद झाले.

आपल्याकडचा रोग निराळा आहे, आणि त्यात मीही सामील होतो. २०१८ च्या सुमारास एका केंद्राचा चालक माझ्या दुकानी आला. बारा मुलींची यादी पुढे ठेवली आणि ‘यांना शिलाईकामावर ठेवले आहे’ असे लेटरहेडवर लिहून मागितले. मुली मोहल्ल्यातल्याच. गरिबांचे भले होते, आपले काय जाते, असे वाटून सही केली. माझ्या दुकानात शिलाईची एक मशीनही नाही! काही महिन्यांनी त्यांतल्या एकीची आई आली. म्हणाली, “भाईजान, माझी पोरगी तुमच्याकडे कामाला आहे म्हणे. मग तिचा पगार कोण नेते?” ती मुलगी दुसऱ्या वर्गात नाव घालायला गेली, तर तिच्या आधार क्रमांकावर नोकरी लागल्याची नोंद निघाली होती. माझी ती खोटी गवाही होती, दुसरा शब्द नाही. केंद्र तोवर बंद झाले होते.

हे आज सांगण्याचे कारण आहे. नांदगाव पेठेच्या पीएम मित्र वस्त्रोद्योग पार्कचे भूमिपूजन २० सप्टेंबर २०२४ रोजी वर्ध्याहून झाले. असे कारखाने येतात तेव्हा शिकवणारेही येतात. मुलामुलीला पाठवण्याआधी केंद्रचालकाला सरळ विचारावे : तुमचा शेवटचा हप्ता कशावर आहे? मागच्या तुकडीतली चार मुले कोठे कामाला आहेत, त्यांना भेटवता का? पगार बँकेत जमा होतो की हातात मिळतो? घरून लांब पाठवणार असाल तर राहण्याची सोय काय? कोऱ्या कागदावर सही देऊ नये आणि हजेरीची नोंद आठवड्याला पाहावी. दुकानदाराकडे लेटरहेड मागायला कोणी आला, तर त्याने आधी मुले कामावर आणून बसवावीत. तक्रार असल्यास अमरावती आणि अकोला, दोन्ही ठिकाणी जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र आहे. अर्ज दोन प्रतींत न्यावा आणि एका प्रतीवर पोच घ्यावी.