पक्षाघातानंतर मांजराची शुश्रूषा

वार्धक्याकडे झुकलेले एखादे मांजर रात्री नेहमीप्रमाणे जेवून झोपते आणि सकाळी उठू लागताच त्याचा तोल जातो. मान एका बाजूस कलते, पाय लटपटतात, ते एकाच दिशेने गोल गोल फिरते आणि शेवटी भिंतीस टेकून बसते. कालपर्यंत कपाटावर सहज उडी घेणारा प्राणी आज पाण्याच्या वाटीपर्यंत पोचू शकत नाही, हे पाहून घरची माणसे गोंधळून जातात. “आता याचे काही खरे नाही,” असा निर्णय पुष्कळदा त्याच दिवशी होतो.

हा निर्णय घाईचा असतो. मेंदूवरील आघातानंतर पहिल्या दिवशी जे चित्र दिसते, त्यावरून पंधराव्या दिवशीचे चित्र सांगता येत नाही. मधल्या काळात दोन कामे करावयाची असतात. एक, आघाताचे मूळ कारण शोधणे. आणि दुसरे, मेंदू स्वतःस सावरीत असता शरीराची हानी होऊ न देणे. पहिले काम पशुवैद्याचे, दुसरे मुख्यतः घरच्या माणसांचे.

१. आघात म्हणजे काय?

मेंदूच्या पेशींजवळ प्राणवायूचा व शर्करेचा साठा जवळजवळ नसतो. रक्ताबरोबर जे येईल त्यावरच त्यांचे जीवन चालते. शेतास पाणी देणारा पाट मध्येच तुंबला, तर पुढचा वाफा सुकतो. आणि पाट फुटला, तर वाफा पाण्याखाली जातो. मेंदूतील रोहिणीचेही असेच आहे. रक्ताच्या गुठळीने ती बंद झाली, तर पुढचा भाग उपाशी राहतो. ती फुटली, तर सांडलेल्या रक्ताचा दाब भोवतीच्या भागावर पडतो. या दोन्ही प्रकारांस मेंदूचा आघात म्हणतात. त्यामुळे हातापायांतील शक्ती गेली, म्हणजे आपण पक्षाघात झाला असे म्हणतो.

ज्या पेशी मरतात, त्या पुन्हा निर्माण होत नाहीत. परंतु त्यांच्या सभोवती सुजलेल्या व कार्य थांबलेल्या, पण जिवंत अशा पेशींचा एक पट्टा असतो. सूज उतरू लागली की त्यांपैकी पुष्कळ पेशी पुन्हा कामास लागतात. याखेरीज, नष्ट झालेल्या भागाचे काही काम मेंदूचे इतर भाग हळूहळू उचलतात. पहिल्या काही दिवसांतील सुधारणा मुख्यतः सूज उतरल्यामुळे होते. पुढच्या काही आठवड्यांतील सुधारणेत या नव्या वाटणीचा व सरावाचा वाटा मोठा असतो.

२. मांजर आणि माणूस यांतील भेद

माणसाच्या मेंदूस मानेतील चार रोहिण्यांवाटे रक्त मिळते. त्यांपैकी दोन ‘अंतर्ग्रीवा रोहिण्या’ फार महत्त्वाच्या. मांजरात मात्र या रोहिणीचा मानेतील भाग जन्मानंतर लवकरच बंद होतो, आणि जबड्याकडे जाणाऱ्या रोहिणीपासून निघालेल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या जाळ्यातून मेंदूकडे रक्त जाते. प्राण्यांतील अशा जाळ्यास शरीरशास्त्रात ‘अद्भुत जाळे’ असे नाव आहे. दुसऱ्या शतकातील वैद्य गेलेन याने ते जनावरांच्या विच्छेदनात पाहिले आणि माणसातही ते असलेच पाहिजे, असे लिहून ठेवले. वेसालिअसने १५४३ साली आपल्या ग्रंथात ही चूक दाखवून दिली. एका प्राण्यावरून दुसऱ्याविषयी अनुमान करताना सावध राहावे, हा यातील बोध आहे. औषधांच्या बाबतीत तो पुढे पुन्हा उपयोगी पडेल.

दुसरा भेद मांजराच्या फायद्याचा आहे. माणसाची हालचाल, विशेषतः हाताची, मोठ्या मेंदूच्या पृष्ठभागाकडून येणाऱ्या आज्ञांवर फार अवलंबून असते. मांजराच्या चालण्याचे नियंत्रण मात्र बव्हंशी मस्तिष्कस्तंभ व मज्जारज्जू यांच्याकडे असते. टॉमस ग्रॅहॅम ब्राऊन या शास्त्रज्ञाने १९११ साली मांजरांवरील प्रयोगांतून असे दाखविले की, पावले टाकण्याचा मूळ ताल मज्जारज्जूतच उत्पन्न होऊ शकतो. म्हणून मोठ्या मेंदूवर आघात झालेले मांजर त्याच प्रकारच्या आघातानंतरच्या माणसापेक्षा पुष्कळदा लवकर चालू लागते. आघात मस्तिष्कस्तंभावरच असेल, तर मात्र स्थिती अधिक गंभीर असते.

३. ओळख आणि कारणे

आघाताची मुख्य खूण म्हणजे आकस्मिकता. लक्षणे काही क्षणांत वा तासांत प्रकट होतात आणि पहिल्या एक-दोन दिवसांनंतर सहसा वाढत नाहीत. मान कलणे, डोळ्यांची बुबुळे सतत थरथरणे, एका दिशेने फिरणे, एका बाजूचे पाय दुबळे होणे, दृष्टी जाणे, झटके येणे ही लक्षणे आढळतात. कोणती लक्षणे दिसतील, हे मेंदूच्या कोणत्या भागास इजा झाली यावर अवलंबून असते.

तथापि अशी लक्षणे इतर विकारांतही दिसतात. अंतर्कर्णातील तोल सांभाळणाऱ्या इंद्रियाचा विकार हुबेहूब आघातासारखा भासतो. मागचे दोन्ही पाय एकाएकी लुळे व थंड पडले आणि मांजर वेदनेने ओरडू लागले, तर गुठळी मेंदूत नसून पायांकडे जाणाऱ्या महारोहिणीच्या टोकाशी अडकलेली असण्याचा संभव असतो. अशा वेळी तत्काळ उपचार हवेत. आपल्या देशात आणखी एक शक्यता विसरून चालणार नाही, ती म्हणजे अलर्क रोगाची. लस न टोचलेले, बाहेर फिरणारे मांजर एकाएकी लटपटू लागले, लाळ गाळू लागले किंवा त्याचा स्वभाव पालटला, तर त्याच्या तोंडात हात घालू नये. ते चावले वा ओरबाडले, तर जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन लगेच रुग्णालयात जावे.

मेंदूतील इजा प्रत्यक्ष पाहावयाची, तर एम.आर.आय. नावाने परिचित असलेले चुंबकीय चित्रण करावे लागते. प्राण्यांसाठी ही सोय मोजक्याच शहरांत असते. परंतु मूळ कारणाचा शोध त्यावाचूनही घेता येतो. वयस्क मांजरात मूत्रपिंडाचा जुनाट विकार किंवा गळ्यातील अवटु ग्रंथीचा अतिरेकी स्राव यांमुळे रक्तदाब वाढतो. पुढच्या पायास किंवा शेपटीस लहान पट्टा गुंडाळून तो मोजतात. हृदयाच्या संकोचाच्या वेळचा दाब १६० मिलिमीटरच्या वर राहिला, तर तो जास्त समजतात. १८० च्या वर तो फारच धोक्याचा. भीतीनेही दाब चढतो, म्हणून मांजर शांत झाल्यावर अनेकदा मोजून सरासरी घेतात. अशा दाबामुळे डोळ्यांतील दृष्टिपटल सुटून मांजर एकाएकी आंधळे होऊ शकते. बाहुल्या उजेडातही मोठ्या राहणे ही त्याची खूण होय. अ‍ॅम्लोडिपीन या औषधाने दाब उतरविता येतो. हे औषध माणसांसही देतात, पण मांजराची मात्रा पशुवैद्यानेच ठरवावयाची असते.

हृदयाच्या स्नायूंचा विकार हे दुसरे मोठे कारण. हृदयाच्या कप्प्यात रक्त साकळते आणि गुठळीचा तुकडा प्रवाहाबरोबर मेंदूत जातो. यातील एका प्रकाराचा संबंध आहाराशी आहे. मांजरास टॉरीन हा घटक आवश्यक असून तो मांस व मासळी यांतून मिळतो. मांजराचे शरीर तो पुरेसा बनवू शकत नाही. टॉरीनच्या अभावी हृदय फुगून दुबळे होते, हे कॅलिफोर्नियातील संशोधकांनी १९८७ साली सिद्ध केले. केवळ दूधभातावर मांजर पोसण्याची आपल्याकडील रीत या दृष्टीने हितकारक नाही.

४. पहिले तीन दिवस

या काळात विश्रांती आणि रक्षण यांस सर्वांत अधिक महत्त्व आहे. मांजरास लहान, शांत, मंद उजेडाच्या खोलीत किंवा मोठ्या खोक्यात ठेवावे. उंच जागा, जिना व खिडकी यांपासून ते दूर असावे. पडता पडता हवेत वळून पायांवर उतरणाऱ्या मांजराची छायाचित्रे एत्येन झ्यूल मारे याने १८९४ साली प्रसिद्ध केली होती. हे कौशल्य तोल व दृष्टी यांवर अवलंबून असते. तोलच बिघडलेले मांजर खिडकीतून पडले, तर ते कसेही आदळते.

उठू न शकणाऱ्या मांजराखाली जाड, मऊ अंथरूण घालावे आणि दर चार तासांनी त्याची कूस बदलावी. असे न केल्यास हाडांच्या उंचवट्यांवर शय्याव्रण होतात व खालच्या फुप्फुसात रक्त साचते. अंथरूण ओले झाले की लगेच पालटावे. पापण्या नीट मिटत नसतील, तर डोळे कोरडे पडतात. त्यांसाठी पशुवैद्याने सांगितलेले मलम घालावे. मांजराचे नेहमीचे तापमान ३८ ते ३९ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. निजून असलेले मांजर लवकर गारठते, म्हणून ऊब द्यावी; पण गरम पाण्याची पिशवी कापडात गुंडाळूनच ठेवावी, कारण दुबळे मांजर चटका बसला तरी बाजूस सरकू शकत नाही.

झटका आल्यास मांजरास धरून ठेवू नये व तोंडात काही घालू नये. जवळच्या कठीण वस्तू दूर कराव्यात, झटका किती वेळ टिकला ते घड्याळ पाहून लिहावे व पशुवैद्यास कळवावे.

५. अन्न, पाणी आणि मलमूत्र

मांजराने दोन-तीन दिवस अन्न सोडले, तर शरीरातील चरबी यकृतात साचू लागते व त्यातून प्राणघातक विकार होऊ शकतो. लठ्ठ मांजरास हा धोका विशेष असतो. म्हणून आघातातून वाचलेले मांजर उपासाने दगावू नये, ही काळजी प्रथम घ्यावी. मांजरास छातीवर सरळ बसवावे आणि डोके किंचित उंच धरावे. आधी थोडे पाणी देऊन ते गिळता येते की नाही, हे पाहावे. कुशीवर निजलेल्या मांजराच्या तोंडात काहीही ओतू नये. ते श्वासनलिकेत जाते. उकडलेली मासळी किंवा कोंबडीचे मांस मऊ करून कोमट द्यावे, म्हणजे वास येऊन भूक चाळवते. त्यात कांदा, लसूण मुळीच नसावा. त्यांनी रक्तातील तांबड्या पेशी फुटतात. गिळता येत नसेल, तर पशुवैद्य नळीने अन्न देतात.

काही मांजरे ताटलीच्या एकाच अर्ध्या भागातील अन्न खातात व उरलेले तसेच ठेवतात. याचा अर्थ भूक गेली असा नसतो. मेंदूच्या एका बाजूस इजा झाली की विरुद्ध बाजूच्या जगाकडे प्राण्याचे लक्षच जात नाही. ताटली फिरवून ठेवली की ते उरलेले अन्नही खाते.

चोवीस तासांत लघवी झाली नाही, तर पशुवैद्यास दाखवावे. पोट दाबून मूत्राशय रिकामे करण्याची रीत त्यांच्याकडून प्रत्यक्ष शिकल्याशिवाय करू नये. चालू लागलेल्या मांजरासाठी मातीचे पसरट, बुटक्या काठाचे पात्र अंथरुणाजवळच ठेवावे.

६. पुन्हा चालणे

प्रकृती स्थिर झाली आणि पशुवैद्याची अनुज्ञा मिळाली की व्यायाम सुरू करावा. दुबळ्या पायाचा प्रत्येक सांधा हळुवारपणे दहा-दहा वेळा वाकवावा व सरळ करावा. दिवसातून दोन-तीन वेळा हे पुरे. मांजराने विरोध केला, तर तेथेच थांबावे. पुढे पोटाखालून पंचा घेऊन त्याची दोन्ही टोके वर धरावीत, म्हणजे शरीराचा थोडा भार उचलला जातो व पाय जमिनीवर टेकतात. गुळगुळीत लादीवर पाय घसरतात, म्हणून तेथे गोणपाट किंवा चटई अंथरावी.

हा सराव वरवर किरकोळ वाटतो. पण त्यामागे शास्त्र आहे. मज्जारज्जू तुटलेल्या मांजरांस सरकत्या पट्ट्यावर आधार देऊन रोज चालविले, तर त्यांचे मागचे पाय पुन्हा पावले टाकू लागतात, हे बार्बो व रोसिन्यॉल या माँट्रियल येथील संशोधकांनी १९८७ साली दाखविले. पुढे आधार देऊन चालविण्याची हीच कल्पना अधू झालेल्या माणसांच्या उपचारातही आली. मांजरांनी सोसलेल्या त्या प्रयोगांचा लाभ माणसास झाला. तो आजारी मांजरासही मिळावा, हे न्यायाचे आहे.

७. औषधांविषयी इशारा

माणसाच्या घरातील औषधे मांजरास देऊ नयेत. पुष्कळ औषधे निरुपद्रवी करून शरीराबाहेर टाकण्याची जी रासायनिक क्रिया माणसाच्या यकृतात चालते, ती मांजरात फार दुबळी असते. तापासाठी आपण घेतो त्या पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा प्राण घेऊ शकते. तिच्यामुळे रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती नष्ट होते. अ‍ॅस्पिरिनची जी मात्रा माणूस दिवसातून अनेकदा घेतो, ती मांजराच्या शरीरात कित्येक दिवस राहते. शिवाय आघात रक्तस्रावाचा असेल, तर रक्त पातळ करणारे औषध अधिकच घातक.

८. पुढचा काळ

बहुतेक सुधारणा पहिल्या काही आठवड्यांत दिसते. मान थोडी कललेली राहिली किंवा उडी मारताना अंदाज चुकला, तरी मांजर समाधानाने जगू शकते. आवडत्या जागेपर्यंत पायऱ्यांसारखी खोकी ठेवावीत; सामानाची जागा वारंवार बदलू नये. मूळ विकाराचे औषध मात्र नियमाने चालू ठेवावे, कारण पुन्हा आघात होण्याचा धोका त्यावरच अवलंबून असतो.

प्रत्येक मांजर बरे होतेच असे नाही. शुद्ध येत नसेल, झटके आवरत नसतील, गिळणे परत येत नसेल किंवा एकामागून एक आघात होत असतील, तर त्याच्या यातना थांबविण्याचा विचार पशुवैद्याबरोबर करावा लागतो. तो विचार दुःखाचा असला, तरी गैर नाही. फक्त तो पहिल्या सकाळच्या भीतीपोटी होऊ नये. रोज लिहिलेल्या नोंदी समोर ठेवून व्हावा. किती खाल्ले, लघवी केव्हा झाली, किती पावले चालले, हे एका वहीत टिपून ठेवल्यास सुधारणा आहे की घसरण, हे आपोआप स्पष्ट होते.

अभ्यासासाठी प्रश्न

१. रोहिणी बंद होणे व फुटणे यांचे मेंदूवरील परिणाम पाटाच्या दृष्टांताने स्पष्ट करा.
२. मोठ्या मेंदूवर आघात झालेले मांजर माणसापेक्षा लवकर का चालू लागते?
३. मांजर ताटलीतील अर्धेच अन्न खात असेल, तर त्यावरून काय अनुमान करता येईल? ते कसे पडताळून पाहाल?
४. गेलेनच्या चुकीचा आणि मांजरास माणसाचे औषध देण्याच्या चुकीचा परस्परसंबंध सांगा.
५. आजारी प्राण्याच्या शुश्रूषेची आठ दिवसांची नोंदवही आखून दाखवा.