विद्युत्-सायकल : इयत्ता सातवीच्या विज्ञानाचा एक पाठ

जुन्या सायकलीस मोटार व बॅटरी जोडून ती चालविण्याची हौस आता खेड्यापाड्यांतील तरुणांतही दिसून येते. अशी सायकल शाळेवरून गेली की मुले विचारतात, “गुरुजी, ही किती पळेल?” ती थांबेल कशी, हे सहसा कोणी विचारीत नाही. हा दुसरा प्रश्न मुलांच्या तोंडी यावा, एवढ्यासाठी प्रस्तुत पाठ योजिला आहे.

कल्पना तशी जुनीच. अमेरिकेत ऑग्डेन बोल्टन याने १८९५ साली मागील चाकाच्या तुंब्यात मोटार बसविलेल्या सायकलीचे पेटंट घेतले. आजच्या घरगुती सायकलीतही बहुधा हीच मांडणी असते. मोटारीसह चाक विकत मिळते; सांगाड्यावर बॅटरी बांधावयाची, हँडलवर वेगाची मूठ बसवावयाची आणि मध्ये प्रवाहाचे नियंत्रण करणारी पेटी, म्हणजे कंट्रोलर, जोडावयाचा.

आरंभी फळ्यावर हिशेब मांडावा. बॅटरी ३६ व्होल्ट व १० अँपिअर-तासांची असेल, तर तिच्यात ३६० वॅट-तास ऊर्जा साठते. सपाट रस्त्यावर दर किलोमीटरला १२ वॅट-तास खर्च धरल्यास सायकल ३० किलोमीटर जाईल. आता घाट घ्या. सायकल व स्वार मिळून वजन १०० किलोग्रॅम आणि चढाची उंची ३०० मीटर असेल, तर १०० × ९.८ × ३०० म्हणजे २,९४,००० ज्यूल कार्य करावे लागते. यास ३,६०० ने भागले की सुमारे ८२ वॅट-तास येतात. जवळजवळ पाव बॅटरी नुसते वर चढण्यात संपते. घर्षण व मोटारीची उष्णता यांचा खर्च निराळाच. आपल्या गावाजवळील टेकडीची उंची घेऊन हेच गणित मुलांकडून करवून घ्यावे.

यानंतर तारेचा विचार. घरातील वीज २३० व्होल्टची, सायकलीची ३६ व्होल्टची; तेव्हा दिव्याची बारीक तार सायकलीस सहज चालेल, असे मुलांना वाटते. थोरांनाही वाटते! प्रत्यक्षात ९ वॅटचा एल.ई.डी. दिवा ०.०४ अँपिअर प्रवाह घेतो, तर २५० वॅट शक्ती पुरविताना ३६ व्होल्टची बॅटरी सुमारे ७ अँपिअर देते. चढावर प्रवाह याहूनही वाढतो. तारेतील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे बारीक तार तापते आणि तिचे वेष्टन वितळते. म्हणून तार जाड घ्यावयाची व फ्यूज बॅटरीच्या अगदी निकट बसवावयाचा.

मोटारीच्या चाकात आस स्थिर राहतो व चाक फिरते. चाक पुढे ढकलताना आस तितक्याच बळाने उलट वळू पाहतो. न्यूटनच्या तिसऱ्या नियमास याहून चांगले उदाहरण क्वचितच सापडेल. आस चिमट्याच्या खाचेत केवळ नटाने आवळला, तर खाच रुंदावते, आस फिरतो व त्यातून गेलेल्या तारा पिळवटून तुटतात. पुढील चाकात मोटार असली तर चाकच निखळावयाचे. यासाठी आसाच्या चपट्या भागावर पोलादी पट्टी बसवून ती सांगाड्याशी जखडतात.

ब्रेकचा प्रयोग मैदानावर साध्या सायकलीने करावा. सायकल शिक्षकांनीच चालवावी. २० मीटर अंतर आखून ते प्रथम ६ सेकंदांत कापावे, म्हणजे वेग ताशी १२ किलोमीटर होईल. शेवटच्या रेघेवर ब्रेक दाबून थांबण्याचे अंतर मुलांनी टेपने मोजावे. नंतर तेच अंतर ४ सेकंदांत, म्हणजे ताशी १८ किलोमीटर वेगाने कापावे. वेग दीडपट, परंतु थांबण्याचे अंतर सव्वादोनपटीच्या आसपास भरेल. वेग ताशी २४ किलोमीटर केल्यास पहिल्याच्या चौपट अंतर लागेल, हे मुलांनी गणितानेच काढावे; तो प्रयोग करू नये. जुन्या सायकलीचे झिजलेले रबर आणि त्यात मोटार-बॅटरीची भर, हे चित्र मग त्यांच्या आपोआप ध्यानी येते.

लिथियम बॅटरीविषयी मात्र स्पष्ट ताकीद द्यावी. ३६ व्होल्टच्या नेहमीच्या बॅटरीत दहा घट एकापुढे एक जोडलेले असतात व पूर्ण भरल्यावर दाब ४२ व्होल्ट होतो. त्याहून अधिक भरल्यास किंवा घटास इजा झाल्यास आग लागू शकते. तिच्यासाठी नेमलेलाच चार्जर वापरावा. घरची माणसे निजली असता किंवा दाराच्या वाटेत ठेवून ती भरू नये. फुगलेली बॅटरी उघडून पाहण्याचा मोह मुलांस होतो. तिला हात न लावता वडीलधाऱ्यांस सांगावे.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांचा उल्लेखही करावा. मोटारीची अर्ध्या तासाची शक्ती २५० वॅटपेक्षा कमी व कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी असल्याचे अधिकृत चाचणीसंस्थेने तपासून मान्य केले, तरच असे वाहन मोटार वाहन गणले जात नाही. पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही अशा संस्थांपैकी एक होय. घरी जोडलेल्या सायकलीची अशी तपासणी सहसा झालेली नसते. तेव्हा विद्यार्थ्यांनी ती रस्त्यावर नेऊ नये. पाठास दोन तासिका लागतील. मैदानावरील प्रयोग सकाळच्या तासिकेस ठेवावा.