मिसळणाचा डबा आणि रोगाचे जंतू

आपल्या घरात मिसळणाचा डबा असतो. त्यात हळद, मोहरी, जिरे असते. जवळच लवंग, दालचिनी असते. लसणीची गड्डी असते. यांनी जेवणाला चव येते. पण यांनी रोगाचे जंतू मरतात काय? चला, आपण पाहू.

जंतू फार बारीक असतात. नुसत्या डोळ्यांनी दिसत नाहीत. सूक्ष्मदर्शक यंत्रातून दिसतात. पटकी, विषमज्वर हे रोग जंतूंमुळेच होतात.

लसणीची अख्खी पाकळी हुंगून पाहा. वास फारसा येत नाही. आता तीच ठेचा. लगेच उग्र वास सुटतो. असे का होते? ठेचल्यावर पाकळीतले दोन पदार्थ एकत्र येतात. त्यांपासून ॲलिसिन नावाचे द्रव्य तयार होते. १९४४ साली अमेरिकेत कॅव्हॅलिटो आणि बेली या शास्त्रज्ञांनी ते वेगळे काढले. त्याने जंतू मरतात, असे त्यांना आढळले. लवंगेच्या तेलात युजेनॉल असते. दातांचे डॉक्टरही ते वापरतात. दालचिनीच्या तेलानेही जंतूंची वाढ थांबते.

मग दवाखाना कशाला हवा? मंडळी, इथेच आपण चुकतो. प्रयोगशाळेत जंतू काचेच्या बशीत असतात. अर्क थेट त्यांच्यावर पडतो. पोटात तसे होत नाही. भाजीत मसाला चिमूटभर, तोही शिजलेला. तेवढ्याने रोग हटत नाही. शिवाय मसाला आपण अंगणात वाळवतो. त्यावर धूळ बसते. धुळीबरोबर जंतूही येतात.

पायात खिळा गेला की जखमेत हळद भरायची आणि कामाला लागायचे, हे आम्ही पुष्कळदा पाहिले आहे. हे बरे नव्हे. धनुर्वाताचे जंतू मातीत आणि शेणात असतात. खोल जखमेत हवा पोचत नाही. तिथे ते वाढतात. धनुर्वाताने माणूस दगावतो. हळदीवर भरवसा ठेवू नका. जखम साबणाने व स्वच्छ पाण्याने धुवा. लगेच दवाखाना गाठा. सुई टोचून घ्यायची का, ते डॉक्टरांना विचारा. बाळाच्या नाळेलाही हळद, राख, शेण लावू नका.

मुलाला जुलाब लागले तर? १ लिटर उकळून गार केलेले पाणी घ्या. त्यात चहाचे ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवा. ते घोटघोट पाजत राहा. आणि मुलाला दवाखान्यात न्या.

मसाला जेवणात असू द्या. औषधाचे काम औषधालाच करू द्या.

उत्तरे सांगा :
१. लसूण ठेचल्यावर वास का सुटतो?
२. खिळा लागल्यावर आधी काय कराल?
३. १ लिटर पाण्यात मीठ किती घालाल?