जॉन हाउलंडच्या घराण्याचा शोध

बहुतेक घरांतून पूर्वजांविषयीची एखादी गोष्ट पिढ्यानुपिढ्या सांगितली जाते, आणि ती सहसा घराण्याचा मान वाढवणारीच असते. अमुक आजोबांना दरबारात आसन होते, तमुक पणजी मोठ्या इनामदाराची लेक होती. अशा गोष्टी खोट्याच असतात, असे आम्ही म्हणत नाही. परंतु जुन्या कागदांच्या कसोटीवर घासून पाहिल्यावाचून त्या खऱ्याही मानता येत नाहीत. अमेरिकेतील आद्य वसाहतकार जॉन हाउलंड याच्या घराण्याची कथा या दृष्टीने अभ्यासण्याजोगी आहे.

इ. स. १६२० साली 'मेफ्लॉवर' हे जहाज १०२ उतारू घेऊन इंग्लंडहून अमेरिकेस गेले. त्यांत जॉन कार्व्हर या प्रतिष्ठित गृहस्थाच्या पदरी चाकर म्हणून तरुण हाउलंड होता. वाटेत वादळ चालू असता तो डेकवर आला आणि समुद्रात फेकला गेला. दैवयोगाने शिडाची एक दोरी पाण्यात लोंबत होती. ती त्याने घट्ट धरली, आणि खलाशांनी त्याला आकड्याने वर ओढून घेतले. पुढे प्लिमथ येथे वसाहत झाली. पहिल्याच हिवाळ्यात निम्म्याच्या आसपास माणसे दगावली. कार्व्हर हा वसाहतीचा पहिला गव्हर्नर. तोही १६२१ च्या वसंतात वारला. हाउलंड मात्र जगला, वाढला, आणि वसाहतीच्या कारभारात मानाने वावरला.

त्याच्या वंशजांत अशी समजूत रूढ झाली की, जॉनने गव्हर्नर कार्व्हरच्या कन्येशी विवाह केला. कोणी म्हणत, कन्या नव्हे, नात. चाकराने धन्याची मुलगी वरली, ही कथा एखाद्या कादंबरीस शोभेल अशीच आहे! ती पुस्तकांत छापली गेली. एकोणिसाव्या शतकात वंशजांनी उभारलेल्या स्मृतिशिलेवरही ती कोरली गेली. दगडावर कोरलेले खोटे कोण म्हणणार?

परंतु एक साक्षीदार अजून बोलायचा होता. कार्व्हरनंतरचा गव्हर्नर विल्यम ब्रॅडफर्ड याने वसाहतीचा इतिहास स्वहस्ते लिहून ठेवला होता, आणि १६५१ च्या सुमारास 'मेफ्लॉवर'मधील उतारूंची यादी करून प्रत्येकाचे पुढे काय झाले तेही नोंदले होते. हे हस्तलिखित पुढे बॉस्टनच्या एका चर्चच्या मनोऱ्यातील ग्रंथसंग्रहात होते. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाच्या धामधुमीत ते नाहीसे झाले. १८५५ साली ते लंडनच्या बिशपच्या फुलहॅम येथील ग्रंथालयात असल्याचे उघडकीस आले, आणि १८५६ साली ते प्रथम संपूर्ण छापले गेले. त्या यादीत स्पष्ट लिहिले होते की, हाउलंडची पत्नी ही जॉन टिली याची मुलगी असून त्यांना दहा अपत्ये आहेत व ती सर्व हयात आहेत.

ब्रॅडफर्डचा शब्द का मानावा? तो त्याच जहाजातून आला होता, तीस वर्षे त्याच वस्तीत शेजारी म्हणून राहिला होता, आणि कोणाचे कुल उजळ करण्यात त्याचा काही स्वार्थ नव्हता. दोनशे वर्षांनंतरच्या शिळेपेक्षा शेजाऱ्याची नोंद अधिक मोलाची. जुन्या शिळेचे शब्द अर्थातच टिकले नाहीत. आज हाउलंडच्या स्मृतिशिलेवर टिलीच्याच मुलीचे नाव आहे.

ही एलिझाबेथ टिली कोण? इंग्लंडातील बेडफर्डशायर परगण्यातील हेनलो गावच्या चर्चच्या वहीत तिच्या बाप्तिस्म्याची नोंद ३० ऑगस्ट १६०७ अशी आहे. म्हणजे अमेरिकेच्या किनाऱ्यावर उतरली तेव्हा ती तेरा वर्षांची होती. त्या पहिल्या हिवाळ्यात तिचे आईवडील गेले, आणि सोबत आलेले काका-काकूही गेले. परक्या भूमीत ही पोर एकटी उरली. घराण्याच्या खोट्या अभिमानाने झाकले गेले ते हे चरित्र होय. आपल्याकडील वंशावळींत तर लेकीसुनांची नावे बहुधा लिहिलीच जात नाहीत, हे येथे आठवल्यावाचून राहत नाही.

विवाहाची नोंद नसली, तर अन्य कागद पाहावे लागतात. १६२७ साली वसाहतीतील गुरांची वाटणी झाली, तेव्हा तेरा-तेरा माणसांचे बारा गट पाडण्यात आले. हाउलंडच्या गटात एलिझाबेथ हाउलंड आणि जॉन व डिझायर ही दोन मुले आहेत. गाईंच्या हिशेबातून कुटुंब सापडते, ते असे! मूळ गावाचा धागा एका भावाने जोडून दिला. हम्फ्री हाउलंड नावाच्या लंडनच्या कापडव्यापाऱ्याने आपल्या मृत्युपत्रात आर्थर, जॉन व हेन्री या भावांना न्यू इंग्लंडमधील येण्यातून रक्कम ठेवली. या भावांचे आईबाप हंटिंगडनशायरमधील फेनस्टँटन येथे पुरले गेल्याच्या नोंदी मिळतात.

तारखांच्या बाबतीत मात्र विद्यार्थ्यांनी विशेष सावध असावे. हाउलंडचे मृत्युपत्र २९ मे १६७२ चे आहे, आणि मृत्यूची तारीख जुन्या कागदांत २३ फेब्रुवारी १६७२ अशी आहे. मग मरणानंतर तीन महिन्यांनी त्याने मृत्युपत्र केले की काय? तसे नव्हे. त्या काळी इंग्रजांचे वर्ष २५ मार्चला सुरू होत असे, म्हणून तो फेब्रुवारी आपल्या गणनेप्रमाणे १६७३ चा. इंग्रजांनी नवे पंचांग १७५२ साली घेतले. पोर्तुगालने ते १५८२ सालीच घेतले होते. म्हणून गोव्यातील पोर्तुगीज कागद आणि त्याच काळचे इंग्रजी कागद ताडून पाहतानाही हा फरक ध्यानात घ्यावा लागतो.

एलिझाबेथ पतीमागून चौदा वर्षे जगली आणि १६८७ च्या डिसेंबरात, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, स्वान्झी येथे लेकीच्या घरी वारली. आदल्या वर्षी केलेले तिचे मृत्युपत्र उपलब्ध आहे. त्यात थोरल्या मुलाला पाच पौंड, एक धर्मग्रंथ आणि चादरींचा जोड दिला आहे. दुसऱ्या एका मुलाला वजनकाटा. आणि एलिझाबेथ याच नावाच्या नातीला चादरींचा एक जोड व एक पेटी.