केसांची निगा आणि जट

डोक्यावरचा केस जिवंत नसतो. हे ऐकून पुष्कळांना नवल वाटते. पण पाहा, न्हावी केस कापतो तेव्हा दुखते का? नाही. केस उपटला तर मात्र कळ येते. जीव आहे तो मुळाशी, कातडीच्या आत. बाहेर आलेला केस नखासारखाच. म्हणून एकदा खराब झालेला केस आपोआप बरा होत नाही. त्याला जपावे लागते.

मुळापाशी थोडे तेल पाझरते. त्याने केस मऊ राहतो. ते धुऊन गेले की केस राठ होतो, शेंड्याला फाटे फुटतात. कपडे धुता धुता त्याच वडीने डोके धुण्याची सवय पुष्कळ घरांत आहे. हा साबण आणि धुण्याचा सोडा डोक्यावर घालूच नये. त्यातून विहिरीचे पाणी जड असले, तर साबणाचा चिकट थर केसांवर बसतो.

त्यापेक्षा आपली शिकेकाई बरी. मूठभर शेंगा, बिया काढलेले चार-पाच रिठे आणि चमचाभर मेथी रात्री पाण्यात भिजत घाला. सकाळी उकळा, निववा, कुस्करा आणि फडक्यातून गाळा. न्हाताना डोळे घट्ट मिटा. रिठा डोळ्यांत फार झोंबतो. केस फारच कोरडे असतील तर रिठा कमी घाला. न्हाण्याच्या आदल्या रात्री कोमट खोबरेल बोटांनी जिरवा. खोबरेल केसाच्या आत मुरते, वरवर राहत नाही. जास्वंदीची पाने वाटली की बुळबुळीत होतात. तीही केसांना लावून मग धुवावी, गुंता सुटायला सोपे जाते. याला पैसा पडत नाही. बाजारात बाटलीवर लांब केसांच्या बाईचे चित्र असते, त्या चित्राचेच पैसे आपण देतो!

उवा झाल्या म्हणून कोणी डोक्याला रॉकेल चोळतात. मग बाई चुलीपुढे बसते. असले काही करू नका. पेटली तर काय घ्या? ओल्या, तेल लावलेल्या केसांतून फणी फिरवावी, रोज, दोन आठवडे. केस पुंजक्याने गळत असतील किंवा डोक्यात चट्टे पडले असतील, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे. अंगात रक्त कमी असले तरीही केस गळतात.

आता जटेचे. केस कोरडे, तेल नाही, विंचरणे नाही. मग गुंता होतो. त्यात मळ आणि घाम बसतो, आणि त्याची दोरी वळते. हीच जट. लोक म्हणतात, यल्लमाची जट आली, कापाल तर कोप होईल. या एका गुंत्यापायी कितीतरी पोरी देवाला सोडल्या गेल्या. मुंबई इलाख्यात १९३४ साली आणि महाराष्ट्रात २००५ च्या कायद्याने ही चाल बंद केली आहे. पोरगी देवाला सोडणे हा गुन्हा आहे. जटेच्या ओझ्याने मान दुखते, खाली उवा आणि जखमा होतात, ते वेगळेच.

गुंता नवा असेल तर भरपूर खोबरेल चोळून रात्रभर ठेवा. सकाळी शेंड्याकडून बोटांनी सोडवीत वर या, मुळाकडून ओढू नका. मग मोठ्या दातांचा कंगवा घ्या. जट जुनी असेल तर ती सुटत नाही. त्या बाईची समजूत काढून, तिच्या राजीखुशीने, कात्रीने कापावी. रक्त येत नाही, दुखत नाही. केस महिन्याला सुमारे अर्धा इंच वाढतो, म्हणजे वर्षात पाच-सहा इंच नवे केस येतात.